घराचा श्वास कसा मोजावा ?

संस्कृतांत खिडकीस 'वातायन' असा एक शब्द आहे. वात म्हणजे वारा आणि अयन म्हणजे जाण्याची वाट. दुसरा शब्द 'गवाक्ष', म्हणजे गाईच्या डोळ्यासारखा झरोका. इंग्रजींतील 'विंडो' हा शब्दही मूळचा उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेंतला असून त्याचा अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असाच आहे. एकमेकांपासून इतक्या दूर राहणाऱ्या लोकांनीं खिडकीस नांव देतांना उजेडाची नव्हे, तर वाऱ्याची आठवण ठेवली, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. घरांत वारा कोठून यावा व कोठून जावा हें ठरविणें, हा गृहरचनेंतील पहिला विचार होय.

आज वसई-विरारच्या कोणत्याही नव्या इमारतींत जाऊन पाहावें, तर या विचाराऐवजीं एक वाद ऐकूं येतो. वातानुकूलनाचें यंत्र, ज्यास घरोघर 'एसी' म्हणतात, तें लावलेलें असतें. तरुण मंडळींचें म्हणणें, 'सगळ्या फटी बुजवा, थंडावा बाहेर जातो आणि विजेचें बिल फुगतें.' वडील माणसांचें म्हणणें, 'खिडकी उघडा, जीव गुदमरतो.' दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्ष मोजमापावांचून बोलतात. घराला फटी किती, त्यांतून हवा किती जाते, आणि ती पुरेशी कीं जास्त, हें मोजण्याचें शास्त्र गेल्या सुमारे पन्नास वर्षांत चांगलेंच नांवारूपास आलें आहे. त्याची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. हा विषय केवळ इंजिनियर लोकांचा नव्हे. लहान मुलांची झोप, वृद्धांचा श्वास, घरखर्च आणि प्रसंगीं माणसाचा जीवही त्यांत गुंतलेला आहे.

जुनें घर आणि नवा ब्लॉक

वसईच्या वाड्यांतून अद्यापि कांहीं जुनीं कौलारू घरें उभीं आहेत. पुढें ओटी, बाजूला पडवी, मध्यें माजघर, मागें स्वयंपाकघर. मंगळुरी कौलें एकमेकांत नुसतीं अडकविलेलीं असतात. खालीं तक्तपोशी नसेल, तर प्रत्येक सांध्यांतून हवा ये-जा करते. चुलीचा धूर त्याच वाटेनें निघून जाई. पावसाळ्यांत पाणी गळे, उन्हाळ्यांत धूळ येई. पण हवेचा तोटा म्हणून त्या घरांत कधीं पडला नाहीं. फट हा त्या घराचा दोष नव्हता. धुराच्या चुलीस ती आवश्यकच होती.

याच्या उलट स्थिति जवळच्या मुंबईंत होती. १८९६ सालीं तेथें प्लेग सुरू झाला, तेव्हां दाटीच्या चाळींतील कोंदट खोल्यांकडे सरकारचें लक्ष गेलें. कौलें काढून आणि भिंतींस भोकें पाडून उजेड-वारा आंत घेण्यांत आला. ज्या खोल्या अगदींच वाईट, त्यांवर 'मनुष्यवस्तीस अयोग्य' या अर्थाचीं तीन इंग्रजी अक्षरें रंगविण्यांत येत. पुढें १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्यानें साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम घालून दिला. ज्यांस भूमितीची आठवण असेल त्यांच्या ध्यानांत येईल कीं, या कोनाचा अर्थ, इमारतीच्या उंचीच्या निम्म्याइतकी मोकळी जागा तिच्यासमोर पाहिजे. खोलींतील हवेची चाल मोजणें त्या काळीं सुलभ नव्हतें, म्हणून बाहेरची जागा मोजण्यांत आली.

आतां काळ पालटला आहे. २००९ सालीं वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, २०१४ सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि वाड्यांच्या जागीं सिमेंट काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. काँक्रीटचा स्लॅब व गिलावा केलेली भिंत यांतून हवा जवळजवळ जात नाहीं. जी जाते ती सांध्यांतून : सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीच्या रुळांतून, दाराच्या खालून, एसीच्या नळीसाठीं पाडलेल्या भोकांतून, विजेच्या स्विचबोर्डामागून आणि मोरीच्या जाळींतून. हीं छिद्रें कोणीं योजून ठेवलेलीं नसतात. तीं राहून गेलेलीं असतात. वातायन आणि फट यांतला भेद तो हाच.

थंड देशांतला उगम

हवाबंद घराची कल्पना शीत कटिबंधांतली आहे. १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव अकस्मात् चढले आणि घर ऊबदार ठेवण्याचा खर्च तिकडील लोकांस असह्य झाला. कॅनडांतील सस्कॅचेवान प्रांतांत रेजायना या शहरीं १९७७ सालीं एक प्रायोगिक घर बांधण्यांत आलें. हॅरल्ड ऑर हे त्या कामांतील एक प्रमुख इंजिनियर होते. भिंतींत अखंड प्लॅस्टिकचा पडदा घालून घर अतिशय घट्ट केलें, आणि त्याबरोबरच ताजी हवा आंत आणण्यासाठीं एक स्वतंत्र यंत्र बसविलें. बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेची ऊब तें आंत येणाऱ्या ताज्या हवेस देत असे. पुढें जर्मनींत डार्मश्टाट येथें वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकारानें उभारलेल्या घरांत १९९१ सालीं कुटुंबें राहावयास आलीं, व त्यांतूनच 'पॅसिव्ह हाउस' नांवाची पद्धति निघाली.

या दोन्ही प्रयोगांचें सार एका वाक्यांत सांगतां येईल : घर घट्ट बांधा, आणि श्वासाची सोय वेगळी करा. या वाक्याचे दोन भाग आहेत. आमच्याकडे पहिला भाग तेवढा येऊन पोंचला आणि दुसरा वाटेंत राहिला, अशी भीति आम्हांस वाटते.

परीक्षा कशी घेतात ?

या परीक्षेस 'ब्लोअर डोअर टेस्ट' म्हणतात. पंख्याचें दार म्हटलें तरी चालेल. घराच्या मुख्य दाराच्या चौकटींत एक लहानमोठी करतां येणारी चौकट बसवितात. तिला हवा न जाणारें जाड कापड ताणून लावलेलें असतें आणि खालच्या बाजूस एक मोठा पंखा असतो. हा पंखा किती हवा ओढतो तें आधींच तपासून ठरविलेलें असतें. सोबत हवेचा दाब मोजण्याचें एक उपकरण असून त्याची एक बारीक नळी घरांत व दुसरी बाहेर सोडतात.

परीक्षेपूर्वीं सर्व बाह्य खिडक्या मिटतात व आंतलीं दारें उघडीं ठेवतात. मोरीच्या व संडासाच्या नळांतील सापळ्यांत पाणी आहे कीं नाहीं तें पाहतात, आणि शेगडी, गीझर, दिवा अशा सर्व ज्योती विझवितात. मग पंखा घरांतील हवा बाहेर ओढूं लागतो. आंतला दाब बाहेरच्यापेक्षां कमी होतो, आणि जेथें जेथें फट असेल तेथून बाहेरची हवा आंत घुसते. दाबांतील फरक ५० पास्कल झाला म्हणजे पंख्यांतून जाणारी हवा मोजतात. जेवढी हवा पंख्यानें बाहेर काढली तेवढीच फटींतून आंत आली, हें उघड आहे. अधिक खातरीसाठीं निरनिराळ्या दाबांवर मापें घेतात, व पुष्कळदां पंखा उलटा करून हवा आंत भरूनही पाहतात.

५० पास्कल म्हणजे किती, असें वाचक विचारतील. पाण्याच्या अवघ्या पांच मिलिमीटर उंचीच्या थराचा जो दाब, तो सुमारें ५० पास्कल होय. वातावरणाच्या एकंदर दाबाचा हा दोन-हजारावा भाग. ताशीं तेहतीस किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर समोरून आदळला असतां जो जोर पडतो, तोही एवढाच. पावसाळ्यांत समुद्राकडून येणारा असा वारा वसईकरांस परिचित आहे. तेव्हां ही परीक्षा घराला कांहीं इजा करीत नाहीं. सर्व बाजूंनीं एकदम जोराचा वारा सुटला तर घर कसें वागेल, एवढेंच ती विचारते.

चार मापें

परीक्षेच्या अहवालांत निरनिराळे आंकडे येतात आणि त्यांची गल्लत होते. एक कल्पित उदाहरण घेऊं. ब्लॉक दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व पावणेतीन मीटर उंच आहे. म्हणजे जमीन ६० चौरस मीटर आणि आंतली हवा १६५ घनमीटर. ५० पास्कलवर पंख्यांतून तासाला १३२० घनमीटर हवा गेली, असें समजूं.

पहिलें माप हेंच : तासाला १३२० घनमीटर. हा एकूण गळतीचा आंकडा. एकाच घराची दुरुस्तीपूर्वीं व दुरुस्तीनंतर तुलना करण्यास तो उत्तम. परंतु लहान व मोठ्या घरांची तुलना त्यानें होत नाहीं.

दुसरें माप : १३२० भागिले १६५, उत्तर ८. म्हणजे त्या दाबाखालीं घरांतील सगळी हवा तासांत आठ वेळां बदलेल. पॅसिव्ह हाउस पद्धतींत हा आंकडा ०.६ हून अधिक चालत नाहीं. कॅनडांतील 'आर-२०००' या पद्धतींत मर्यादा १.५ आहे.

तिसरें माप घनफळानें न भागतां घराच्या पृष्ठभागानें भागून येतें. जमीन, छत आणि चारी भिंती मिळून आमच्या ब्लॉकचें क्षेत्रफळ २०८ चौरस मीटर भरतें. म्हणून दर चौरस मीटरास तासाला सुमारें ६.३५ घनमीटर. इंग्लंडमध्यें नव्या घरांस २०२२ सालापासून ही मर्यादा ८ आहे, पूर्वीं ती १० होती. म्हणजे आमचा हा कल्पित ब्लॉक इंग्लंडच्या परीक्षेंत उत्तीर्ण होतो आणि जर्मनीच्या परीक्षेंत सपशेल नापास होतो !

दुसऱ्या व तिसऱ्या मापांतील भेद विसरल्यास आणखी एक फसगत होते. वीस मीटर लांब, तितकीच रुंद आणि बारा मीटर उंच अशी एक मोठी इमारत घ्या, आणि तिची कारागिरी अगदीं आमच्या ब्लॉकसारखी, म्हणजे तिसरें माप तेंच ६.३५, असें धरा. हिशेब केल्यास तिचें दुसरें माप ८ न येतां सुमारें २.३ येतें. गवंडी तेच, सुतार तेच, फटीही त्याच प्रमाणांत. परंतु इमारत मोठी म्हणून गुण अधिक! यास्तव कोणी आंकडा सांगितला, तर तो घनफळाचा कीं पृष्ठभागाचा, हें विचारल्याशिवाय राहूं नये.

चौथें माप सामान्य माणसास सर्वांत लवकर समजणारें आहे. घराच्या सगळ्या फटी गोळा करून एकत्र केल्या, तर केवढें भोंक होईल ? आमच्या ब्लॉकच्या बाबतींत तें सुमारें ६७० चौरस सेंटिमीटर, म्हणजे सव्वीस सेंटिमीटर बाजूचा चौरस झरोका येतो. पॅसिव्ह हाउसच्या मर्यादेंत बसावयाचें, तर तोच झरोका सात सेंटिमीटरांचा, म्हणजे तळहाताहूनही लहान पाहिजे. फटी डोळ्यांस दिसत नाहींत म्हणून माणूस निश्चिंत असतो. भिंतींत तेवढा झरोका उघडा पडला आहे असें सांगितलें म्हणजे तो दचकतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ५० पास्कल हा परीक्षेचा दाब आहे, रोजचा नव्हे. शिवाय दाब दुप्पट केला तरी फटींतून हवा दुप्पट जात नाहीं, साधारणतः दीडपटीहून किंचित् अधिक जाते. म्हणून दुसऱ्या मापास वीसनें भागावें, म्हणजे रोजच्या नैसर्गिक गळतीचा अंदाज येतो, असा एक ठोकताळा अमेरिकेंत रूढ झाला. आमच्या उदाहरणांत तासाला ०.४ वेळां हवा बदलते. हा ठोकताळा थंड देशांतील घरांवरून निघाला आहे. समुद्रकांठच्या वाऱ्यांत तो अंदाजापुरताच घ्यावा.

आणखी एक अडचण केवळ सामायिक इमारतींची आहे. ब्लॉकच्या सगळ्या फटी बाहेर उघडत नाहींत, कांहीं शेजाऱ्याकडे उघडतात. वरच्या मजल्यावरची फोडणी खालच्या घरांत शिंका आणते ती याच वाटेनें. बाहेरची गळती तेवढी निराळी काढावयाची असेल, तर शेजारच्या घरांतही पंखे लावून तेथें तितकाच दाब ठेवावा लागतो.

आमच्या किनाऱ्याचा प्रश्न

थंड देशांत फटींतून ऊब जाते. आमच्याकडे फटींतून काय येतें ? पाणी ! श्रावणांतील हवा अठ्ठावीस अंश उष्ण आणि नव्वद टक्के दमट आहे, आणि एसीच्या खोलींत सव्वीस अंश व पंचावन्न टक्के आहे, असें धरा. बाहेरच्या प्रत्येक घनमीटर हवेंत आंतल्यापेक्षां सुमारें साडेअकरा ग्रॅम पाणी अधिक असतें. निजावयाची खोली ३० घनमीटरांची, व तींत तासाला निम्मी, म्हणजे १५ घनमीटर हवा फटींतून येते. आठ तासांच्या रात्रींत सुमारें १.४ लिटर पाणी केवळ फटींतून आंत आलें. तें पाणी वेगळें काढण्यास एसीला वीज जाळावी लागते, व मागल्या नळींतून तें ठिबकत राहतें. जें निघत नाहीं तें कपाटाच्या पाठीमागें, गादीखालीं आणि पुस्तकांच्या कण्यांवर बुरशीच्या रूपानें प्रकट होतें. तरुण मंडळींचा पक्ष येथवर खरा ठरला.

आतां वडीलधाऱ्यांचा पक्ष पाहूं. झोपलेला प्रौढ माणूस तासाला सुमारें तेरा लिटर कर्बाम्लवायु सोडतो. त्याच खोलींत दोन माणसें निजलीं आणि हवा तितकीच, तासाला १५ घनमीटर आली, तर पहाटेपर्यंत त्या वायूचें प्रमाण दहा हजार भागांत एकवीस भागांपर्यंत चढतें. म्युनिक येथील माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञानें १८५८ सालींच सांगून ठेवलें कीं, खोलींतील हवेंत हें प्रमाण हजारांत एक भागाच्या वर जाऊं देऊं नये. आमच्या हिशेबांत तें दुपटीहून अधिक झालें. एवढ्यानें प्राणास धोका नाहीं. परंतु सकाळीं डोकें जड होणें, झोप होऊनही ताजेंतवानें न वाटणें, हें त्याचें फळ असूं शकतें. एकत्र कुटुंबांत एका एसीखालीं चार-पांच माणसें निजतात, तेथें प्रमाण किती चढेल याचा हिशेब वाचकांनींच करावा.

म्हणजे निष्कर्ष असा निघाला कीं, त्याच फटीनें दीड लिटर पाणी आंत आणलें आणि श्वासापुरती हवा मात्र आणली नाहीं. फट ही दोन्ही पक्षांची वैरीण आहे. ती वारा नसतांना हवा देत नाहीं आणि वादळांत नको तितकी देते.

याच दृष्टीनें आमच्या देशांतील नियम पाहण्यासारखा आहे. केंद्र सरकारनें २०१८ सालीं निवासी इमारतींसाठीं 'इको-निवास संहिता' प्रसिद्ध केली. तींत संपूर्ण घराच्या हवाबंदपणाची परीक्षा सक्तीची नाहीं. उलट उष्ण व दमट प्रदेशांत, आणि वसई त्यांतच येते, उघडतां येणाऱ्या खिडक्या-दारांचें क्षेत्र जमिनीच्या १६.६६ टक्के, म्हणजे एक-षष्ठांश, असावें असें सांगितलें आहे. ६० चौरस मीटरांच्या ब्लॉकला दहा चौरस मीटर. येथें एक खोंच आहे : दोन पाखांची सरकती खिडकी उघडली तरी निम्मीच मोकळी होते. घर घेतांना कांच किती मोठी आहे तें न पाहतां वाट किती मोकळी होते तें पाहावें.

ही संहिता व ती पाश्चात्य परीक्षा यांत विरोध नाहीं. वर्षांतले पुष्कळ दिवस आमचें घर उघडें राहणार. तेव्हां वातायन मोठें हवें. ज्या रात्रीं खोली यंत्रानें थंड करावयाची, त्या रात्रीं तीच खोली घट्ट मिटतां आली पाहिजे. दमट प्रदेशांतही हें साधतें, याचें उदाहरण कोलंबोजवळ कटुनायके येथील तयार कपड्यांच्या एका कारखान्याची इमारत आहे. जुन्या इमारतीची पुनर्रचना करून ती पॅसिव्ह हाउसच्या कसोटीस उतरविण्यांत आली. तेथेंही ताजी हवा आणून तिच्यांतील ओल काढण्याची यंत्रणा आहे, हें सांगावयास नकोच.

जेथें ज्योत जळते

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. एक किलो गॅस नीट जळण्यास बारा-तेरा घनमीटर हवा लागते. गॅसचा मोठा गीझर तासाला सुमारें एक किलो गॅस जाळतो. स्नानगृह दीड मीटर बाय दोन मीटर असेल, तर त्यांत एकंदर हवाच आठ घनमीटर. पाव तासाच्या स्नानांत तीन घनमीटर हवेंतील सगळा प्राणवायु ज्योत खाऊन टाकते. खिडकींतील कांचेच्या पट्ट्या थंडीसाठीं वा एकांतासाठीं कागद लावून बुजविल्या असतील, तर ज्योतीला हवा अपुरी पडते, आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील रंजकद्रव्यास तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक जोरानें चिकटतो. माणसास भोवळ येते आणि कडी काढण्याइतकेंही बळ राहत नाहीं. मार्च २०२३ मध्यें धुळवडीच्या सुमारास घाटकोपर येथें एक दांपत्य स्नानगृहांत मृत आढळलें, तेव्हां गॅसच्या गीझरचाच संशय व्यक्त करण्यांत आला होता. अशा वार्ता अधूनमधून येतात, आणि चार दिवसांनीं विसरल्या जातात.

हवाबंदपणाचा येथें आणखी एक संबंध आहे. स्वयंपाकघरांतील विजेची चिमणी तासाला हजार घनमीटर हवा ओढते असें तिच्या खोक्यावर लिहिलेलें असतें. आमच्या कल्पित ब्लॉकच्या सगळ्या खिडक्या मिटून ती पूर्ण जोरानें चालली, तर कागदावरच्या हिशेबानें घरांतील दाब तीस पास्कलांहून अधिक उतरेल. प्रत्यक्षांत चिमणीचा जोर इतका टिकत नाहीं; तरी ती परीक्षेच्या पंख्याची धाकटी बहीणच झाली ! अशा वेळीं गीझरचा धूर बाहेर जाण्याऐवजीं आंत खेंचला जातो, आणि मोरीच्या सापळ्यांतील पाणी आटलेलें असल्यास गटाराची दुर्गंधि घरांत येते. जितकें घर घट्ट, तितका हा धोका मोठा. म्हणून गॅसचा गीझर स्नानगृहाच्या आंत कदापि नसावा. तो बाहेर मोकळ्या हवेंत असावा आणि आंत केवळ पाण्याचा नळ यावा. आणि चिमणी चालू असतां स्वयंपाकघराची एक खिडकी उघडी असावी.

घरच्या घरीं

परीक्षेचा पंखा सर्वांस मिळण्यासारखा नाहीं. आमच्याकडे त्याचा उपयोग मुख्यतः संगणकांच्या मोठ्या केंद्रांत होतो. तेथें आग लागल्यास पाण्याऐवजीं विशिष्ट वायु सोडतात, आणि तो निदान दहा मिनिटें खोलींत टिकला पाहिजे. टिकेल कीं नाहीं तें याच पद्धतीनें आधीं पाहतात. परंतु गृहस्थाच्या उपयोगापुरती एक सोपी रीत आहे. वारा पडलेल्या सकाळीं गॅसची टाकी बंद करावी, घरांतील सर्व ज्योती विझवाव्या, खिडक्या मिटाव्या, आणि चिमणी पूर्ण जोरानें चालवावी. मग एक पेटती उदबत्ती घेऊन भिंतीकडेनें सावकाश फिरावें. जेथें धूर एकाएकीं खोलीच्या आंत वळेल तेथें फट आहे. तेथें खडूनें खूण करावी.

आमच्या घरीं हा प्रयोग झाला, तेव्हां नातवंडांनीं खडू हातीं घेतला आणि सूनबाईंनीं उदबत्ती. सर्वांची समजूत खिडक्या दोषी अशी होती. खिडकीच्या रुळांपाशीं धूर हललाच. परंतु सर्वांत जोराचा झोत निघाला तो एसीच्या नळीभोवतालच्या भोकांतून, त्याखालोखाल मुख्य दाराच्या उंबरठ्याशीं, आणि मग दिवाणखान्यांतील एका स्विचबोर्डांतून. अर्ध्या तासांत सतरा खुणा झाल्या.

खुणा झाल्यावर सगळ्याच बुजवूं नयेत. एसीच्या खोलींतील नळीचें भोंक सिलिकॉननें भरावें, दाराखालीं ब्रशाची पट्टी लावावी, खिडकीच्या रुळांतील झिजलेली लोकरी पट्टी बदलावी. स्वयंपाकघर व स्नानगृह येथील झरोके मात्र आहेत तसेच राहूं द्यावे. आणि निजावयाची खोली घट्ट केल्यावर तिच्या श्वासाची सोय त्याच दिवशीं करावी : निजण्यापूर्वीं पाव तास समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा पालटून घ्यावी, आणि रात्रभर एखाद्या खिडकीस दोन बोटांची फट जाणूनबुजून ठेवावी, किंवा ताजी हवा आंत घेणारा लहान पंखा बसवावा. या दोन बोटांच्या फटीनेंही थोडी ओल येईल. परंतु ती आपण मोजून घेतलेली असेल, आणि मोबदल्यांत श्वास मिळालेला असेल.

ज्या घरीं गॅसचा गीझर स्नानगृहांतच बसविलेला आहे, त्यांनीं उदबत्तीच्या प्रयोगाची वाट पाहूं नये. आजच खिडकीच्या पट्ट्यांवरचा कागद काढावा, आणि गीझर बाहेर हलविण्यासाठीं उद्यां कारागीर बोलवावा. बाकीच्या फटी सवडीनें बुजविल्या तरी चालतील.